वशिला, मुलकी आणि गुत्तेदार



१८८३ सालच्या पहिल्या सहा आठवड्यांत जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. १६ जानेवारीला अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी एका कायद्यावर सही केली. सरकारी नोकरी पक्षाच्या शब्दाने न देता परीक्षेने द्यावी, असे त्या कायद्याने प्रथमच ठरविले. पुढे तेवीस दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, हैदराबादेत सर सालारजंग पटकीने वारले. तीस वर्षे निजामाची दिवाणगिरी करून त्यांनी जी कारभाराची घडी बसविली होती, तिच्यातल्या नोकऱ्या कोणी वाटायच्या यावर त्यांच्या माघारी जी ओढाताण सुरू झाली, ती आमच्या मते आजतागायत पुरती थांबलेली नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काहीच नाही. परंतु एकीच्या उजेडात दुसरी पाहिली म्हणजे आपल्या धाराशिव मुलखाच्या इतिहासातला एक धागा चांगला दिसू लागतो, म्हणून आज तो उलगडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणेल, तेरखेड्याच्या माणसाला या नोकऱ्यांच्या भांडणाशी काय करायचे आहे? येथला माणूस शेती करतो, फटाके करतो. पण ज्याने फटाक्याच्या परवान्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजविले आहेत, त्याला खुर्चीवर बसलेला मनुष्य तेथे कोणाच्या कृपेने बसला आहे, हा प्रश्न पोटाचा आहे हे निराळे सांगावे लागणार नाही. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या फळीपाशी जास्त झाले. कामगारांच्या संघटनेत उमेदीची वर्षे गेली. तेव्हा आम्ही हा इतिहास पंडिताच्या नजरेने न पाहता हजेरीपट पाहणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहतो, एवढे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

आधी अमेरिकेची हकीकत थोडक्यात. तेथे निवडणूक जिंकणारा पक्ष टपालवाल्यापासून जकातीच्या नाक्यापर्यंत सगळ्या जागा आपल्या माणसांना वाटीत असे. जिंकणाऱ्याची लूट, असेच त्या पद्धतीचे नाव पडले होते. आणि ही नोकरी फुकट मिळत नसे. पक्षाचा वसुलीदार दरवर्षी नोकराच्या पगारातून ठराविक हिस्सा पक्षनिधीला म्हणून कापून नेई. न देणाऱ्याची जागा जाई. मुकादमाने मजुराच्या रोजातून कमिशन कापावे तसा हा प्रकार होता. रिपब्लिकन पक्षात यावरून दोन तट पडले. न्यूयॉर्कचे सेनेटर कॉंकलिंग यांचा गट जुन्या पद्धतीचा कट्टर कैवारी. ब्लेन यांचा गट सुधारणेची भाषा बोलणारा. दोन्ही गटांना जागा वाटायच्याच होत्या, हे मात्र विसरू नये. १८८१ साली अध्यक्ष गारफील्ड यांनी न्यूयॉर्कच्या जकातनाक्यावर कॉंकलिंग यांच्या विरोधातला माणूस नेमला, तेव्हा कॉंकलिंग यांनी रागाने सेनेटचा राजीनामाच दिला. त्याच उन्हाळ्यात, २ जुलैला, गिटो नावाच्या एका उमेदवाराने गारफील्ड यांना गोळी घातली. त्याला पॅरिसची वकिलात हवी होती आणि ती मिळाली नव्हती. गारफील्ड सप्टेंबरात वारले, आणि गादीवर आले उपाध्यक्ष आर्थर. म्हणजे कॉंकलिंग यांचेच चेले, ज्यांना गैरकारभाराच्या बोभाट्यावरून त्याच जकातनाक्याच्या प्रमुखपदावरून १८७८ साली दूर करण्यात आले होते! या मनुष्याने सुधारणेच्या कायद्यावर सही केली. कायद्याच्या कक्षेत पहिल्याने सुमारे दहावा हिस्सा जागा आल्या. बाकीच्या हळूहळू आल्या, आणि त्या कशा आल्या हे मोठे मौजेचे आहे: पायउतार होणारा प्रत्येक अध्यक्ष आपण भरलेल्या जागा जाता जाता परीक्षेच्या संरक्षणाखाली टाकी, म्हणजे पुढच्याला त्या हलविता येऊ नयेत. आपली माणसे आत बसली की दार लावून घ्यायचे. ही युक्ती श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. तिची आमच्याकडली आवृत्ती पुढे यावयाची आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सालारजंगांच्या आधी निजामाच्या राज्यात नोकरी हा शब्दच तितकासा लागू नव्हता. होता तो गुत्ता. सरकारचा सारा वसूल करण्याचा हक्क ठरीव रकमेला घ्यायचा, ती रक्कम भरण्यासाठी सावकाराकडून नाहीतर अरब जमादाराकडून कर्ज काढायचे, आणि मग कास्तकाराच्या खळ्यावरून जेवढे उचलता येईल तेवढे उचलायचे. अशा गुत्तेदाराला ‘तालुकदार’ म्हणत. कर्ज फिटले नाही म्हणजे तालुकाच्या तालुका सावकाराच्या किंवा अरबाच्या गहाणात जाई. जमाखर्चाचे कागद सरकारच्या ताब्यात नसत. दफ्तर-ए-माल आणि दफ्तर-ए-दिवाणी अशी दोन दफ्तरे होती आणि ती दोन हिंदू घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत. तेलंगणाकडचे दफ्तर मालवाला या कायस्थ घराण्याकडे, मराठी मुलखाकडचे रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे. कागद ज्याच्या घरात, कारभार त्याच्या मुठीत.

१८५३ हे साल आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्या मे महिन्यात इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख आपल्या कारभाराखाली घेतला. तह झाल्यावर थोड्याच दिवसांत दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांचा पुतण्या, अवघा चोवीस वर्षांचा तरुण, दिवाण झाला. तो सालारजंग. त्याच साली विलायतेत कंपनीची सनद नवी झाली आणि हिंदुस्थानातल्या मुलकी अधिकाऱ्यांच्या जागा कंपनीच्या डायरेक्टरांनी आपल्या भाच्यापुतण्यांना वाटण्याची चाल बंद होऊन, १८५५ पासून परीक्षा सुरू झाली. ही परीक्षा लंडनला होई. हिंदुस्थानात तिचे केंद्र उघडायला १९२२ साल यावे लागले. म्हणजे वशिल्याचे दार बंद झाले, पण नव्या दारापर्यंत पोहोचायला समुद्र ओलांडावा लागे.

धाराशिवच्या मुलखावर, ज्याला तेव्हा नळदुर्ग जिल्हा म्हणत, इंग्रजांनी मेडोज टेलर यांना नेमले. ठगाची जबानी लिहिणारे ते हेच. हे गृहस्थ ना परीक्षा देऊन आले होते, ना कंपनीच्या सनदी नोकरीत होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला पंधराव्या वर्षी आलेला हा पोरगा. व्यापारी बुडीत निघाला तेव्हा मुंबई सरकारातल्या एका बड्या आप्ताच्या शब्दाने १८२४ साली निजामाच्या फौजेत चिकटला. वशिलाच म्हणायचा! आणि तरी १८५३ ते १८५७ या चार वर्षांत या मनुष्याने येथे रस्ते केले, तलाव बांधले, साऱ्याची बेबंदशाही आवरली, आणि येथल्या भाषा तो बोलत असे. वशिल्याने आलेला मनुष्य नालायकच असतो, असे आम्ही म्हणत नाही. कामगारांतही वशिल्याने लागलेला उत्तम कारागीर आम्ही पाहिला आहे. प्रश्न एवढाच उरतो, की उद्या टेलरच्या जागी त्याच आप्ताचा दुसरा, आळशी भाचा आला असता तर नळदुर्गच्या रयतेने दाद कोणाकडे मागायची होती?

१८६० साली रायचूर दुआब आणि धाराशिव निजामाला परत मिळाले. तोवर सालारजंगांनी आपले काम सुरू केले होते. गहाण पडलेले तालुके एकेक करून सोडविले. गुत्ते मोडून पगारी अंमलदार नेमले. १८६५ साली जिलाबंदी केली, राज्याचे चौदा जिल्हे पाडले; प्रत्येक जिल्ह्यावर पहिला, दुसरा, तिसरा तालुकदार आणि खाली तहसीलदार. नाव तेच राहिले, ‘तालुकदार’, पण कालपर्यंत जो गुत्तेदार होता तो आज पगारदार झाला. भाषेत अशा क्रांत्या गुपचूप होतात. दफ्तरदार घराण्यांशी सालारजंग भांडले नाहीत. नवी कचेरी उघडून त्यांनी जुन्या दफ्तराचे महत्त्व ओसरू दिले.

परंतु नव्या कचेरीला नवी माणसे हवीत. येथल्या अमीर-उमरावांची मुले कारभार शिकलेली नव्हती, आणि शिकविण्याच्या शाळा तुटपुंज्या. तेव्हा सालारजंगांनी उत्तर हिंदुस्थानातून माणसे आणविली. १८७३ साली सय्यद हुसेन बिलग्रामी, १८७४ साली मेहदी अली, जे पुढे मोहसिन-उल-मुल्क झाले, मग मुश्ताक हुसेन, चिराग अली. यांतले बहुतेक सर सय्यद अहमदांच्या अलीगढच्या वर्तुळातले. ही माणसे कर्तबगार होती यात शंका नाही. पण एकाने आपला भाऊ आणावा, भावाने मेहुणा आणावा, असे होत होत कचेऱ्या भरत गेल्या. परीक्षा नव्हती, लेखी नियम नव्हता. दिवाणाची पारख हाच नियम. पारखी मेला तेव्हा नियमही मेला.

१८८३ नंतरची दहा वर्षे हैदराबादच्या दरबारात नुसती कुस्ती चालू होती. एका बाजूला हिंदुस्थानी म्हणजे उत्तरेचे, दुसऱ्या बाजूला दखनी. हिंदुस्थान्यांतही आपसांत दोन-तीन पट्ट्या. आणि प्रत्येक पट्टी रेसिडेंट साहेबाच्या कानाशी लागलेली. १८८४ साली धाकट्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत कारभाराची भाषा फारसी जाऊन उर्दू झाली. उत्तरेच्या लोकांना ती मायबोली. ज्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे मिळून चार-पंचमांशांच्या घरात होते, तेथे नोकरीचे कुलूप उर्दूच्या किल्लीने उघडू लागले. १८९२ साली तर या भांडणाने तळ गाठला. गृहखात्याचे चिटणीस मेहदी हसन यांच्या पत्नीविषयी एक निनावी चोपडे छापून वाटण्यात आले. रेसिडेन्सीच्या कोर्टात खटला चालला, चिटणीस तो हरले आणि नोकरीला मुकले. एका बाईची अब्रू चव्हाट्यावर आणून एक जागा रिकामी करण्यात आली, याहून त्या प्रकरणाचा दुसरा अर्थ आम्हांला तरी दिसत नाही.

या सगळ्या कुस्तीत तेरखेड्याचा कास्तकार कोठे होता? तो कोठेच नव्हता. त्याचा सारा ज्या पगारांत जात होता त्या पगारांसाठी भांडण होते, एवढाच त्याचा संबंध. त्याच्या गावचा पटवारी मोडीत लिही; तहसिलीत त्याचे उर्दू होई; उर्दूतून जो हुकूम परत येई तो वाचून दाखवायला पुन्हा त्याच पटवाऱ्याला दोन पैसे द्यावे लागत. त्यात आमच्या जिल्ह्याचा बराच मुलूख सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खाजगीकडचा. तेथे दिवाणाच्या सुधारणाही मागल्या दाराने शिरत. दखनी जिंकले काय, हिंदुस्थानी जिंकले काय, या माणसाला कोणता हुकूम कोणत्या नियमाने झाला हे विचारण्याची सोय कोणीच केली नव्हती. सुधारणा म्हणजे किल्ल्या एका कमरेच्या काढून दुसऱ्या कमरेला लावणे नव्हे. ज्याच्यावर हुकूम चालतो त्याला नियम वाचता आला पाहिजे आणि त्यावर बोट ठेवून दाद मागता आली पाहिजे. आमचा या इतिहासाकडे पाहण्याचा गज एवढाच आहे.

बाहेरचे सारेच वाईट होते असेही नव्हे. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय बंगालचे. चांदा रेल्वेच्या योजनेविरुद्ध त्यांनी लोकमत जागे केले म्हणून १८८३ सालीच त्यांना हैदराबादेतून हद्दपार करण्यात आले. उलट, रयतेला नाडणारे कितीतरी अस्सल इथले होते.

‘मुलकी’ या शब्दाला १९१९ च्या फर्मानाने नेमकी व्याख्या मिळाली. राज्यात जन्मलेला तो मुलकी. मुलकी बापाचा मुलगा तो मुलकी. आणि जो पंधरा वर्षे राज्यात राहिला असेल व परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र देईल तोही मुलकी. फर्मानावाचून गैरमुलकी नोकरीत घ्यायचा नाही, असा कायदा झाला. तत्त्व न्याय्यच होते. पण ती पंधरा वर्षांची अट पाहा. सालारजंगांच्या काळी आलेले लोक आणि त्यांची येथे जन्मलेली मुले आता आपोआप मुलकी झाली, आणि काल ज्यांच्याविरुद्ध ओरड होती त्यांचीच पुढची पिढी आज ‘बाहेरचे नकोत’ म्हणून पुढे सरसावली. अमेरिकेतली ती दार लावून घेण्याची युक्ती ती हीच.

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, सारे शिक्षण उर्दूतून. तेथून पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना जागा पुरेनात, तेव्हा १९३० नंतरच्या दशकात ‘हैदराबाद हैदराबादकरांसाठी’ ही घोषणा घुमू लागली. निजाम प्रजाजन संघ स्थापन झाला. त्यात हिंदू-मुसलमान दोघेही होते आणि ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. पण ती शहरी सुशिक्षितांची चळवळ होती. मराठी मुलखाला आपला आवाज मिळाला तो १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली तेव्हा. १९५१ च्या खानेसुमारीत मराठी भाषिक राज्यात जवळजवळ पाव हिस्सा होते. कचेरीच्या खुर्च्यांत ते पावाच्या जवळपासही नसत.

पुढचा राजकीय भाग श्रोत्यांना माहीत आहे, म्हणून भराभर जातो. १९३८ चा सत्याग्रह, स्टेट काँग्रेसवरील बंदी, रझाकार, १७ सप्टेंबर १९४८. बंदी उठल्यावर स्टेट काँग्रेसमध्ये दोन तट ठळक झाले: स्वामी रामानंद तीर्थांचा आणि बी. रामकृष्णराव यांचा. स्वामीजींच्या तटाला लढा आणि राज्याची भाषावार विभागणी हवी. दुसरा तट सबुरीचा. तत्त्वाचे अंतर खरेच होते, ते आम्ही कमी लेखीत नाही. पण पोलीस कारवाईनंतर त्यात नवा मसाला पडला. आधी लष्करी गव्हर्नर, मग १९५० पासून वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याचे मुख्यमंत्रिपद. जुन्या अंमलदारांतले पुष्कळ निघून गेले किंवा काढले गेले, आणि त्यांच्या जागी मद्रास, मुंबई, मध्यप्रांतातून माणसे आली. वेल्लोडींच्या मंत्रिमंडळात मग काँग्रेसचे चौघे घेतले गेले, त्यांत उस्मानाबाद जिल्ह्याचे फुलचंद गांधीही होते. कोणाच्या शिफारशीला किती वजन, हा प्रश्न तेव्हापासून दोन्ही तटांच्या घरात शिरला.

१९५२ साली निवडून आलेले मंत्रिमंडळ बसले, रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, आणि सहा महिन्यांच्या आत वारंगळला ठिणगी पडली. शिक्षकांच्या बदल्या आणि त्यांच्या जागी बाहेरच्यांच्या नेमणुका यावरून विद्यार्थ्यांनी संप केला. ‘गैरमुलकी चले जाव’ ही आरोळी राज्यभर पसरली. ३ आणि ४ सप्टेंबरला हैदराबाद शहरात गोळीबार होऊन माणसे मेली. चौकशीत आणि चर्चेत एक गोष्ट उघड झाली: तहसिलीतून मिळणारे मुलकी असल्याचे प्रमाणपत्र विकत मिळत होते. पंधरा वर्षांचे वास्तव्य एका दुपारीत पुरे होई. रयतेच्या संरक्षणाचा नियम, पण शिक्का मारणारा जो होता तो वशिल्याचाच राहिला, तेव्हा नियमाचीच पेठ झाली.

येथे आमच्या मुलखाची स्थिती निराळी होती, हे वारंगळच्या चष्म्यातून दिसत नाही. तेरखेड्याच्या माणसाला हैदराबादेहून आलेला, उर्दू लिहिणारा अस्सल मुलकी पेशकार हा परका. आणि शेजारच्या सोलापूरकडचा, कायद्याने गैरमुलकी, पण मराठी बोलणारा कारकून हा आपला! त्याने निदान अर्ज वाचून दाखविला. म्हणून मराठवाड्याचे मन मुलकीच्या आरोळीपेक्षा संयुक्त महाराष्ट्राकडे ओढले गेले. तेलंगणात तो प्रश्न १९६९, १९७२ असा पुन्हा पुन्हा पेटत राहिला आणि २०१४ च्या वेगळ्या राज्यापर्यंत गेला.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांत वाटा देण्याचे कलम लिहिले गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो. त्याच वेळी राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची आणि नोकऱ्यांत पुरेशा संधीची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्ष निघायला १९९४ उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. करारातल्या कलमाला दात नव्हते. त्यापेक्षा ज्याची कोणी फारशी आठवण काढीत नाही असे एक कलम खालच्या नोकराच्या अधिक कामी आले: राज्यपुनर्रचना कायद्याचे ११५ वे. हैदराबादेतून मुंबई राज्यात आलेल्या नोकराच्या सेवेच्या अटी केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्या तोट्याच्या करता येणार नाहीत, असे त्यात लिहिले होते. ज्येष्ठतेच्या याद्या, पदांची बरोबरी यांवरून तक्रारी पुष्कळ झाल्या. पण शिपाई आणि शिक्षक हातात कागद धरून भांडू शकला, आणि तो कागद कोणत्याही गटाच्या पुढाऱ्याने दिलेला नव्हता.

पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. त्याबरोबर गटबाजीला एक नवे आणि फार सोपे हत्यार मिळाले, ते म्हणजे बदली. नेमणूक एकदाच करता येते, बदली दरवर्षी. विरोधी गटाला मत दिल्याचा संशय आला की परंड्याचा मास्तर उमरग्याला. यावर कायदा यायला २००५ साल लागले. त्याने साधारण मुदत ३ वर्षांची ठरविली आणि मुदतीआधी हलवायचे तर कारण लेखी नोंदवायला लावले. लेखी कारण! सालारजंगांच्या जिलाबंदीपासून मोजले तर १४० वर्षे.

आणि आता गुत्तेदार. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र सरकारने नऊ खाजगी संस्थांची यादी मंजूर करून त्यांच्यामार्फत सरकारी कचेऱ्यांत कंत्राटी माणसे घेण्याचा निर्णय काढला. जागोजाग तरुण रस्त्यावर उतरले. ऑक्टोबरात तो रद्द झाला, आणि रद्द करताना सत्तेतल्यांनी सांगितले की मूळ पाप आधीच्या सरकारचे. आधीच्यांनी सांगितले की सहीचे पाप आताच्यांचे. निर्णय रद्द झाला तरी त्याच्या आधी निरनिराळ्या कचेऱ्यांत गुत्तेदारामार्फत लागलेले शिपाई, सफाईवाले, संगणकावर बसणारे पोरगे होते तेथेच राहिले. त्यांच्या हजेरीपटावर खात्याचे नाव नसते, गुत्तेदाराचे असते. खाते म्हणते हे आमचे नोकर नव्हेत. गुत्तेदार म्हणतो पगार खात्याकडून आला की देऊ. अशा एका कचेरीतल्या अकरा जणांच्या हजेरीपटाची नक्कल मिळावी म्हणून आम्ही माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आहे. पहिले अपील फेटाळले गेले. दुसऱ्याची तारीख अजून लागायची आहे.